मदत हवी आहे: रीफ टँकची अल्कलिनिटी टिकत नाही, हीटरवर पांढरा थर

नमस्कार. न्यू जर्सीत आमच्या घरी तीन वर्षांपासून रीफ टँक (जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी) आहे, सम्प म्हणजे खालची जोडटाकी धरून 200 लिटर पाणी. अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट, ज्यातून प्रवाळ सांगाडा बांधतात; डीकेएच हे तिचं माप) 8.5 डीकेएचला राखायला रोज 4 ग्रॅम खायचा सोडा पुरायचा. गेला महिनाभर जवळपास दुप्पट घालतेय, तरी आज सकाळी 6.8 आली.

थंडीमुळे खिडक्या बंद, घरात सहा माणसं, म्हणून हवेत कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यामुळे पहाटे पीएच 7.8 पर्यंत उतरायचा. तो चढावा म्हणून सोडा ओव्हनमध्ये भाजून वापरायला लागले (भाजल्यावर त्याचा धुण्याचा सोडा होतो, तो पीएच जास्त चढवतो). रात्री जेवणं आटोपली की पाण्यात कालवून सम्पमध्ये एकदम ओतते. पाणी घटकाभर तांदळाच्या धुवणासारखं दिसतं, मग निवळतं. मला वाटायचं, विरघळतंय. काल हीटर बाहेर काढला, तर नखाने खरवडूनही निघेना असा कडक थर. व्हिनेगर टाकल्यावर फसफसला, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच.

आजचे आकडे (पीपीएम, म्हणजे दशलक्षात किती भाग): कॅल्शियम 390 (पूर्वी 430), मॅग्नेशियम 1160 (पूर्वी 1350), नायट्रेट 5, फॉस्फेट 0.05. खारेपणा हजारी 35, रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं यंत्र) 35 च्या द्रावणावर लावून घेतलाय. किटवर शंका होती म्हणून नवं किट आणून दोन्हींनी मोजलं, फरक जेमतेम 0.2. मग नुसतं कालवलेलं मिठाचं पाणी तपासलं, तर त्यातच मॅग्नेशियम 1180! मॅग्नेशियम कमी पडलं की कॅल्शियम कार्बोनेट पाण्यातून लवकर खाली बसतं. मीठ दोन महिन्यांपूर्वी बदललं होतं, आणि दर आठवड्याला 20 लिटर पाणी त्याचंच जातंय.

प्रवाळ वाढला काय नि हीटरवर थर बसला काय, हिशोब एकच: खर्च झालेल्या 1 डीकेएचमागे साधारण 7 पीपीएम कॅल्शियम जातं. त्यामुळे नुसत्या आकड्यांवरून काही कळत नाही. पण मॉन्टिपोराची (हा एक प्रवाळ) फिकट, वाढती कड, जी दर महिन्याला पुढे सरकलेली दिसायची, ती जागची हललेली नाही. म्हणून मला वाटतं, सोडा प्रवाळाला मिळतच नाहीये, सगळा हीटरवर आणि वाळूत बसतोय. वाळूचे खडेही धरायला लागलेत.

जाणकारांनी सांगावं: आधी मॅग्नेशियम क्लोराइडने 1300 पर्यंत नेऊ का? रोज 50 पीपीएमने चढवलं तर चालेल ना? तोवर साध्या सोड्यावर परत यावं, की भाजलेलाच पण दिवसभरात चार-पाच वेळा थोडा थोडा, पंपाच्या जोराच्या धारेत सोडावा? चुन्याच्या निवळीने पीएचही सावरेल असं ऐकलंय, पण मॅग्नेशियम एवढं कमी असताना ती सुरू करायची भीती वाटते. अल्कलिनिटी आणखी उतरायच्या आत उत्तर मिळालं तर फार बरं होईल.