सरपंच, सरपंचा की सरपंचीणबाई?

घाटंजीकर
मंडळी, मदत पाहिजे. १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाची निमंत्रणपत्रिका आणि फ्लेक्स, दोन्हींचा मजकूर माझ्याकडे आहे. आमच्या सरपंच बाई आहेत, थेट जनतेतून निवडून आलेल्या. त्यांचे यजमान काही वर्षांपूर्वी गेले. नापिकी, कर्ज, यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी माहीत असलेली गोष्ट. मी लिहिलं, 'ध्वजारोहण : श्रीमती अमुक अमुक, सरपंच'. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं आणि दुपारपर्यंत तीन तट पडले. एकाचं म्हणणं, 'सरपंचा' लिहा, बाईंचा मान राहतो. दुसऱ्याचं म्हणणं, फेसबुकवरची स्त्री-पुरुष एक करायची भाषा गावात आणू नका, आपल्याकडे सरपंचीणबाई म्हणतात, तेच लिहा. तिसऱ्यानं तर 'श्रीमती' खोडून 'गं. भा.' (गंगा भागीरथी, विधवेच्या नावामागं लावायचे ते) घातलं आणि वर ठणकावलं की सरकारनंच तसं ठरवलं आहे. फ्लेक्सवाला उद्या संध्याकाळपर्यंत मजकूर मागतो. 'सरपंच' हा शब्द बाईसाठी जसाच्या तसा चालतो की नाही?

व्याकरणवेडा
चालतो. नामाला शेपूट लावलंच पाहिजे असा मराठीत नियम नाही, लिंग क्रियापद सांगतं. सरपंच आले, सरपंच आल्या. आमचे सरपंच, आमच्या सरपंच. आमदार, खासदार, तहसीलदार, तलाठी, महापौर, यातल्या एकालाही बाईसाठी निराळं रूप नाही आणि कुणाचं काही अडलेलं नाही. 'सर' फारसी, 'पंच' संस्कृत. अशा जोडशब्दाला संस्कृतातला 'आ' चिकटवणं मला पटत नाही. आणि मुख्य अडचण अशी की 'सरपंचा' ही हाक आहे, तीही पुरुषाला मारलेली. देवा, रामा, पाटला, तसं 'अरे सरपंचा'. मान द्यायला निघालात आणि फ्लेक्सवर बाईंना अरेतुरे केलंत, असं होईल.

शब्दनिष्ठ
वेडासाहेब, तुमचा नियम अर्धाच आहे. फ्लेक्सवर क्रियापद कुठं असतं? तिथं नाव आणि पद एवढंच. अध्यक्षा, सदस्या, प्राध्यापिका, नगरसेविका ही रूपं आपल्या भाषेनं घडवली, कारण बाई त्या खुर्चीवर बसली हे शब्दात दिसावं. आता ज्याला त्याला 'लिंगनिरपेक्ष' करायची लाट आली आहे. ज्या भाषांत नामाला लिंग नाही त्यांना ते शोभतं. मराठीला तीन लिंगं आहेत. दगड तो, वीट ती, घर ते. अशा भाषेत बाईच्या पदालाच लिंग नको म्हणणं म्हणजे तिला पुसून टाकणं आहे. हे मी बाईंच्या बाजूनं बोलतो आहे, विरोधात नाही.

पूर्णाकाठ
मी दर्यापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर नोकरी केली. 'ईण' प्रत्ययाबद्दल बोलते, कारण तो मी अंगावर वागवला आहे. पाटलीण, देशमुखीण, वकिलीणबाई, डॉक्टरीणबाई : हे सगळे शब्द मुळात बायकोचे. माझ्या लहानपणी मास्तरीणबाई म्हणजे मास्तरांच्या घरच्या. त्यांनी खडू हातात धरलेला नसायचा. पुढे आम्ही स्वतः शिकवायला लागलो तेव्हा तोच शब्द आम्हाला चिकटला. रुजू झाल्यावर एक म्हातारी मला म्हणाली, "मास्तरीण आली, मास्तर कधी येते?"

सरपंचीणबाई शब्दात हीच खोट आहे. तो ऐकून कळत नाही की ही सरपंचाची बायको की स्वतः सरपंच. आणि गावात ही नुसती शब्दाची गोष्ट राहत नाही. मी एका ग्रामपंचायतीत दाखल्यासाठी गेले होते. सरपंच बाई समोर खुर्चीवर बसलेल्या. दाखला लिहून झाला. सहीच्या खाली मारायचा जांभळ्या शाईचा शिक्का मात्र त्यांच्या मालकांच्या पँटच्या खिशात, आणि मालक वावरात. पोराला सायकलवर धाडलं, मग शिक्का आला. पंचायतींत बायकांना राखीव जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, आपल्या राज्यानं २०११ मध्ये बायकांचं आरक्षण निम्म्यावर नेलं, तरी 'सरपंचपती' हा शब्द जिवंत आहे तो अशा खिशांमुळे. तेव्हा घाटंजीकर भाऊ, 'सरपंच' लिहा. पद एक, शब्द एक, शिक्का एक.

वर्धाकाठ
तुमच्या ग्रुपवरच्या त्या तिसऱ्या भाऊंना सांगा की सरकारनं असं काही ठरवलेलं नाही. एप्रिल २०२३ मध्ये महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा' ऐवजी 'गंगा भागीरथी' शब्दाचा विचार व्हावा, असं पत्र आपल्या खात्याच्या सचिवांना दिलं. त्यावर गदारोळ उठला आणि मंत्र्यांनाच खुलासा करावा लागला की हा निर्णय नाही, नुसता प्रस्ताव आहे. त्याआधी अपंगांना 'दिव्यांग' झालंच होतं, त्याच वळणानं हेही जाणार होतं.

मी एकल महिलांच्या बचत गटांत काम करते. 'एकल' हा शब्द चळवळीनं उचलला तो विचार करून. त्यात नवरा मेलेली येते, टाकलेली येते, सोडचिठ्ठी झालेली येते, लग्नच न केलेली येते. 'गं. भा.' म्हटलं की पत्रिका वाचणाऱ्या प्रत्येकाला आधी तिचा मेलेला नवरा दिसतो, मग ती. पुरुषाची बायको गेली तर त्याच्या नावामागं काय लावता? 'श्री.' होता, 'श्री.'च राहतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करायचा ठराव केला. हातातली बांगडी वाचवायची आणि नावामागं 'गं. भा.' ठेवायचं, हे कसं चालेल?

'श्रीमती'चंही मला तितकंच खटकतं. सरकारी कागदात ते सगळ्याच बायांना लावतात, पण आपल्या गावात 'सौ.' नसून 'श्रीमती' दिसलं की वाचणारा काय समजायचं ते समजतो. नुसतं नाव लिहा.

शब्दनिष्ठ
'गं. भा.' हा आदरार्थी प्रयोग आहे, जुन्या पत्रव्यवहारात सर्रास सापडतो. शब्दाचा दोष नाही, बघणाऱ्याच्या नजरेचा आहे.

वर्धाकाठ
ती नजर ज्या बाईवर पडते तिला विचारा.

व्याकरणवेडा
हाच घोळ 'राष्ट्रपती'वर झाला होता. प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये निवडून आल्या तेव्हा सगळ्या पेपरांत चर्चा, बाईला 'पती' कसं म्हणायचं? आपल्या अमरावतीच्याच खासदार होत्या त्या, १९९१ ते ९६. मग जुलै २०२२ मध्ये काँग्रेसचे तेव्हाचे खासदार अधीर रंजन चौधरी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मूंना 'राष्ट्रपत्नी' म्हणाले, संसद बंद पडली, लेखी माफी मागावी लागली. जीभ घसरली, आपण बंगाली आहोत, हिंदीची सवय नाही, असं ते म्हणाले. बंगालीत क्रियापदाला लिंग नसतं हे खरंच आहे, पण इथं गडबड क्रियापदाची नव्हती. 'पती'चा मूळ अर्थ स्वामी, रक्षण करणारा. सभापती, सेनापती, कुलपती यांत नवरा कुठून आला? आणि 'वनस्पती' मराठीत चक्क स्त्रीलिंगी आहे. ती वनस्पती. शेकडो वर्षांत कुणाला 'वनस्पत्नी' सुचलं नाही.

वर्धाकाठ
मूळ अर्थ पोथीत राहिला. आमच्या गटातल्या बाईला 'पती' म्हटलं की नवराच आठवतो. 'राष्ट्राध्यक्ष' म्हणायला काय हरकत होती?

कपाशीवाला
लय शिकेल लोकायच्या गोठी चालू हायेत, पन एक आयका. माई आजी अकोटकडची. जलमभर 'मी जातो', 'मी येतो', 'मी सयपाक करतो' असंच बोलली. तिले कोनी म्हनलं नाही का तू मानसावानी काऊन बोलतं. माया बहिनीले शाळंत 'मी जाते म्हन' असं शिकोलं, तं घरी आल्यावर आजी तिले हासे. मंग हे बाई-मानसाचं एकच बोलनं फेसबुकवरून आलं असं कसं म्हनता जी? आमच्या वावरातलंच हाय ते.

पूर्णाकाठ
भाऊ, बरोबर, पण पुरतं नाही. माझ्या आईच्या तोंडी 'मी जातो' होतं, 'मी गेलो' नव्हतं. ती 'मी गेली होती' म्हणायची. पुण्याकडच्या 'गेले'ला आमच्या घरात जागाच नव्हती. म्हणजे वर्तमानात एक रूप आणि भूतकाळात दोन. तुमच्या आजी 'गेल्तो' म्हणत होत्या का?

कपाशीवाला
'गेल्तो'बी म्हने. मले चांगलं याद हाय.

शब्दनिष्ठ
कोल्हापूरच्या मुलीही 'मी आलो' म्हणतात. बोलीत चालतं म्हणून प्रमाण लेखनात आणायचं का?

कपाशीवाला
आना म्हनून कोनी म्हनलं? बायेरून आलं असं म्हनू नका, एवढंच सांगून रायलो.

झाडीपट्टी
क्रियापद लिंग सांगतं हा वेडासाहेबांचा मोठा आधार, पण तो एका ठिकाणी तुटतो. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातलं तरंगफळ. २०१७ मध्ये तिथं ज्ञानेश्वर कांबळे निवडून आले, राज्यातले पहिले तृतीयपंथी सरपंच. पदाचा प्रश्न नाही, 'सरपंच' शब्द तिथंही तंतोतंत बसतो. पण मी आत्ता 'निवडून आले' लिहिलं तेव्हाच मला एक बाजू घ्यावी लागली. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये तिसरी ओळख मान्य केली, मराठीच्या क्रियापदानं कुठं केली? तिसरं लिंग आहे आपल्याकडे, पण 'आलं' माणसाला लावलं तर अपमान होतो.

मात्र त्यांना लोक म्हणतात 'माऊली', आणि मला वाटतं उत्तर तिथं आहे. शब्द स्त्रीलिंगी. ज्ञानोबा माऊली, विठू माऊली. शेगावची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा दिंडीत बाप्या, बाई, पोरगं, पोलीस, सगळ्यांना एकच हाक, 'माऊली, सरका थोडं'. कुठल्या कायद्यानं लावलेली नाही, आणि आजवर एकाही पुरुषानं तक्रार केलेली मला माहीत नाही.

पूर्णाकाठ
हे फार छान सांगितलंत.

शब्दनिष्ठ
भक्तीतली हाक आणि ग्रामपंचायतीचं पद यांची गल्लत नको.

घाटंजीकर
सगळ्यांचे आभार. पूर्णाकाठ ताईंनी सांगितल्याप्रमाणे 'सरपंच' ठेवलं. मजकूर घेऊन बाईंकडे गेलो होतो. 'श्रीमती' काढायचं म्हटल्यावर त्या लगेच हो म्हणाल्या. सरपंच की सरपंचा, हे त्यांनी ऐकूनही घेतलं नाही. त्यांनी उलट मलाच विचारलं, "मधात नाव कोनाचं टाकून रायला?" मी यजमानांचं टाकलं होतं. त्या म्हणाल्या, माझ्या मायचं टाकता येते का. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव आधी येतं एवढं मला माहीत आहे, पण बाईंचा जन्म त्याच्या कितीतरी आधीचा. निवडणुकीच्या कागदावर यजमानांचं नाव आहे. पत्रिकेवर निराळं चालेल का?

व्याकरणवेडा
पत्रिका म्हणजे सातबारा नव्हे. खुशाल टाका.

शब्दनिष्ठ
गावात चार तोंडं चार बोलतील. कागदावर आहे तेच ठेवा.

कपाशीवाला
'लेकरांच्या' म्हनलं तं आठोलं. लेकरू म्हनलं का पोरगा-पोरगी दोनी आले. आमच्याकडं पोट्टा, पोट्टी, पोट्टे. हा शब्द पोटावरून आला नं? पोटचं ते पोट्टं.

झाडीपट्टी
नाही हो. तेलुगूत 'पोट्टि' म्हणजे बुटका. तेलंगणाच्या सीमेवर सिरोंचाकडे या, रोज ऐकायला मिळेल. तिकडून वर सरकला.

व्याकरणवेडा
मग अकोल्या-बुलढाण्यापर्यंत कसा पोचला? मधे सगळं मराठी. मला 'पोत', म्हणजे पिल्लू, हा संस्कृत शब्द जवळचा वाटतो.

कपाशीवाला
तुमचं पोत पोत्यात ठेवा जी, पोटावरूनच हाय.

पूर्णाकाठ
मूळ काही असो. 'ते पोट्टं आलं' असं नपुंसकात खरंच कुणी बोलतं का? माझ्या कानावर 'पोट्टा आला', 'पोट्टी आली' एवढंच आहे. वाशीम-रिसोडकडचं कुणी आहे का इथं?