मदत हवी आहे : टेलिफोनच्या जुन्या वायरवरून घरात नेट फिरवायचंय

घर दुमजली. फायबरचा राउटर खाली, मी बसतो वर. वायफायची कशीबशी एक कांडी येते आणि मीटिंगमध्ये निम्मा वेळ माझा चेहरा गोठलेला. नुकताच रंग दिलाय, त्यामुळे भिंत फोडून लॅन केबल टाकायचं नावही घरात काढायची सोय नाही.

लँडलाइन बंद केल्यापासून प्रत्येक खोलीतलं फोनचं सॉकेट मात्र रिकामं पडून आहे. काल वरचं उघडलं. आत चार तारा : लाल-हिरवी जोडलेली, काळी-पिवळी नुसती गुंडाळून कोंबलेली. तारांना पीळ जवळपास नाहीच. मधल्या खोलीत एकेका स्क्रूखाली दोन-दोन तारा, म्हणजे वायर माळेसारखी खोली-खोलीतून गेलीय.

१०० एमबीपीएसला चार तारा पुरतात असं वाचलं, म्हणून सरळ आरजे४५ (लॅन केबलचं टोक) ठोकावं का? की होमपीएनए (फोनच्या तारांवरून घरात नेट फिरवायची पद्धत)? मला स्थिर ५० मिळाले तरी खूप झालं.

प्रतिसाद १

आरजे४५चा नाद सोडा. दोन जोड्या पुरतात हे खरं, पण त्या पिळाच्या हव्यात. बिनपिळाच्या तारांत एका जोडीतलं दुसरीत झिरपतं. दिवा लागेल, पिंगही (छोटा चाचणी-संदेश) जाईल, आणि मोठी फाइल टाकली की रडगाणं सुरू.

होमपीएनए १९९८चं, तेव्हा वेग १ एमबीपीएस. तिसरी आवृत्ती १२८पर्यंत गेली, पण आता डबे शोधत बसाल. त्यापेक्षा व्हीडीएसएल२ एक्स्टेंडरची जोडी (फोनवायरच्या दोन टोकांना लावायचे दोन डबे, एक मास्टर, एक स्लेव्ह) घ्या किंवा जी.एचएनचे (घरातल्या असलेल्या तारांवरून नेट नेणाऱ्या मानकाचे) फोनवायरवाले अडॅप्टर. दोन्हींना तारांची एकच जोडी लागते, घरातल्या अंतरात ५० निघायला हरकत नाही. एक्स्टेंडर घेतलात तर मधल्या खोलीत स्क्रू सोडून येणारी-जाणारी तार थेट जोडा. कुठे फाटा लोंबकळत ठेवू नका, त्याच्या टोकावरून सिग्नल उलटा येतो.

आणि सगळ्यात आधी बाहेरून येणारी लाइन तोडा. लाइन ‘बंद’ असली तरी तीवर ४८ व्होल्ट डीसी असू शकतात, रिंग आली तर ९०च्या आसपास एसी.

धागाकर्ता

मल्टिमीटर लावला. ४९ दाखवतोय! बिल थांबलं, वीज नाही. बरं झालं, आरजे४५ ठोकलं नाही. बाहेरची जोडी डबीतून काढून टोकांना टेप मारली, आता शून्य. एक्स्टेंडरच घेतो. मास्टर कुठे लावू, राउटरपाशी की वर?

प्रतिसाद १

राउटरपाशी. आणि लाल-हिरवीत गती पडली तर काळी-पिवळी वापरून बघा, तिच्यावर सांधे कमी असतील.