उत्तर: खाडीवर घड्याळ भरतीचं

पक्ष्यांच्या फोटोंसाठी 'पहाटे पोचलं की झालं' हे वर म्हटलंय ते नागपूरच्या गोरेवाडा-अंबाझरी तलावांना खरं, मुंबईजवळच्या ठाणे खाडीला नाही. ओहोटीला चिखल लांबवर उघडा पडतो, फ्लेमिंगो तिकडेच चरतात. ४०० मिमी लेन्समध्येही नुसते गुलाबी ठिपके, त्यात ऊन चढलं की वाफाळ हवेने फोकस जातो. पाणी चढू लागलं की ते काठाकडे सरकतात, म्हणून पूर्ण भरतीआधीचे दीड-दोन तास धरा. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. नागपूरहून रेल्वेचं तिकीट काढायच्या आधीच भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा.

आणि कॅमेऱ्यातलं एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ यावा याची सेटिंग) उणे २/३ ते उणे १ ठेवा. काळपट चिखलामुळे कॅमेरा फ्रेम उजळवतो, पांढरी पिसं 'जळतात', म्हणजे नुसती पांढरीफटक दिसतात. त्यातले बारकावे नंतर सॉफ्टवेअरमध्येही परत येत नाहीत.