मदत हवी आहे: लॅब्राडॉर अर्ध्या मिनिटात भांडं साफ करतो, स्लो फीडरचाही उपयोग संपला

नमस्कार. उलटप्रश्न टळावेत म्हणून सगळी माहिती एकदम देतो.

लॅब्राडॉर, नर, वय 4 वर्षं, नसबंदी झालेली, वजन 28 किलो आणि गेले कित्येक महिने स्थिर. खाणं कोरडं, दाण्याचं. पाकिटावर 100 ग्रॅमला 360 किलोकॅलरी लिहिलंय. दिवसाला 380 ग्रॅम, म्हणजे सकाळी 190 आणि संध्याकाळी 190. साध्या भांड्यातून 30 सेकंदांत फस्त. चावणं नाहीच, नुसतं गिळणं. आठवड्यातून एखाद्या वेळी जेवणानंतर पाच मिनिटांच्या आत दाणे आख्खेच्या आख्खे बाहेर येतात आणि तो ते लगेच पुन्हा खातो. शी व्यवस्थित, जंतांचं औषध वेळेवर. घरात दुसरी कुत्री आहे. ती शेजारीच जेवते, पण सावकाश.

प्लास्टिकचा वळणावळणाचा स्लो फीडर (सावकाश खायला लावणारं भांडं) वापरतोय. सुरुवातीला चार मिनिटं लागायची, आता एक. पंजा मारून भांडं उलटं करतो आणि फरशीवरचं वेचून खातो.

विचारायचं ते हे: भांड्यात मोठा दगड किंवा चेंडू ठेवावा का? दाणे भिजवून दिले तर वेग कमी होतो का? भांडं उंचावर ठेवावं का? आणि पोटाला पीळ पडण्याबद्दल जे ऐकतो, त्यात तथ्य किती?

प्रतिसाद १

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं निवांत करता येतं, हे नाही.

तथ्य आहे. जठरात वायू भरून ते फुगतं आणि काही वेळा स्वतःभोवती फिरतं. मग दोन्ही तोंडं बंद, वायू अडकलेला, रक्तपुरवठा तुटलेला. काही तासांत जीव जातो. डॉक्टर याला जीडीव्ही किंवा ब्लोट म्हणतात. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन, सेंट बर्नार्ड अशा खोल छातीच्या मोठ्या जातींत जास्त दिसतं. लॅब त्या यादीत वर नाही, पण यादीबाहेरही नाही. भराभर खाणं, दिवसातून एकदाच भरपूर खाणं, वाढतं वय, आईवडिलांना किंवा भावंडांना झालेलं असणं, या गोष्टींनी धोका वाढतो.

लक्षणं पाठ करून ठेवा: ओकारीच्या उबळी येतात पण बाहेर काही पडत नाही (पडलाच तर फेस), पोट ताठ आणि फुगलेलं, लाळ गळते, एका जागी बसवत नाही, हिरड्या फिकट पडतात. असं दिसलं तर पाणी पाजणं, फिरवणं, ‘तासभर बघू’ यांतलं काहीही करू नका. थेट दवाखाना. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता हे आजच शोधून ठेवा. जास्त धोक्याच्या जातींत जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून पक्कं करतात, बहुतेकदा नसबंदीच्या वेळीच. त्याने फुगणं थांबत नाही, पीळ पडणं जवळजवळ थांबतं.

उंच भांडं नको. पर्ड्यू विद्यापीठाच्या 2000 सालच्या अभ्यासात मोठ्या जातींमध्ये उंच भांड्यासोबत धोका कमी नव्हे, वाढलेला आढळला होता. सगळे संशोधक त्यावर एकमत नाहीत, पण फायद्याचा पुरावा नसताना उंच कशाला ठेवायचं? मान किंवा सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याचं डॉक्टरांनी सांगितलं तर गोष्ट वेगळी.

प्रतिसाद २

ते ‘बाहेर येणं’ नीट बघा, किंबहुना फोनवर चित्रित करा. ओकारीत पोट आत-बाहेर होतं, उबळ येते, पिवळसर पित्त किंवा अर्धवट पचलेलं पडतं. तुम्ही सांगताय त्यात बहुधा मान खाली घातली की दाणे घरंगळत येतात, पोट हलतही नाही. म्हणजे ते जठरापर्यंत पोचलेच नाहीत, अन्ननलिकेतूनच परतले. घाईने गिळणाऱ्यात हे अधूनमधून होतं. पण वेग कमी झाल्यावरही चालू राहिलं, पाणीसुद्धा परत यायला लागलं, वजन घटलं किंवा खोकला सुरू झाला, तर अन्ननलिका फुगलेली आहे का हे एक्स-रेवर बघावं लागतं. परतलेलं अन्न श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होतो, खरी भीती त्याची.

परतलेले दाणे त्याने खाल्ले तर विष नाही, पण दुसऱ्यांदा तो आणखी घाईत खातो. हाक मारून बाजूला न्या आणि पुसून टाका.

तुमच्याकडे हे लहानपणापासून आहे असं धरतो. आजवर सावकाश खाणारा कुत्रा अचानक अधाशी झाला असेल तर भांडं बदलायच्या आधी डॉक्टर. जंत, मधुमेह, कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल जास्त होण्याचा आजार), स्वादुपिंडाची पाचकरसं कमी पडणं ही कारणं असतात. स्टेरॉइड किंवा फिट्सवरचं फिनोबार्बिटोन चालू असेल तर भूक औषधामुळेच वाढते.

प्रतिसाद ३

आधी हिशेब, कारण कुत्रा खरंच उपाशी असेल तर कुठलंही कोडं त्याला नुसतं चिडवेल.

वजनाचा 0.75 घात गुणिले 70, ही विश्रांतीची गरज. 28 किलोला ती साधारण 850 किलोकॅलरी. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी तिला 1.6 ने गुणायचं: 1360. तुमच्या दाण्यांत हे 378 ग्रॅम होतात. म्हणजे तुमचे 380 अगदी बरोबर आहेत, पोट भरत नाही म्हणून तो असं करतोय असं नाही. फक्त बक्षिसाचा खाऊ वेगळा देत असाल तर तो एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसवा आणि तेवढे दाणे कमी करा. दहा टक्के म्हणजे या दाण्यांचे 38 ग्रॅम. मोजायला वजनकाटा घ्या, मापाच्या कपाने रोजचा फरक सहज दहा-वीस ग्रॅमचा पडतो.

लॅबची हाव बऱ्याचदा जन्मजात असते. पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, हे 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं. अशा कुत्र्याला भूकच जास्त लागते, त्यामुळे ‘थोडं जास्त दिलं की शांत खाईल’ हा उपाय त्याच्यावर चालत नाही. तो जास्तही तितक्याच वेगाने खातो.

आता दुसरी कुत्री. ती सावकाश खाते याचा अर्थ तिला घाई नाही, त्याला नाही असा होत नाही. शेजारी दुसरं भांडं भरलेलं दिसतंय, आपलं संपलं की तिकडे जाता येईल, एवढं कारण पुरतं. वेगळ्या खोल्या, दार बंद, आणि दोघांची भांडी उचलल्याशिवाय दार उघडायचं नाही. बाकी काही बदलण्याआधी आठवडाभर एवढंच करा आणि घड्याळ लावून बघा.

धागाकर्ता

दार बंद ठेवणं आजपासून सुरू. पण स्लो फीडरच्या जागी नेमकं काय द्यायचं?

प्रतिसाद ४

स्लो फीडर फसतो तो अडथळा म्हणून फसतो. वळणं तीच राहतात, जीभ ती शिकते. त्यापेक्षा अन्न पसरा. एका घासात चार दाणेच येतील अशी मांडणी केली की वेग आपोआप उतरतो, शिकण्यासारखं काही उरत नाही.

सगळ्यांत सोपं: काठ असलेला मोठा ट्रे किंवा परात, साधारण 40 × 60 सेंटीमीटर, खाली रबरी चटई. 190 ग्रॅम एका थरात विखरायचे. हे जमलं की मफिनचा 12 खणी ट्रे, प्रत्येक खणात 16 ग्रॅम. तो सोपा वाटायला लागला की ट्रे पालथा घाला आणि उंचवट्यांमधल्या फटींत दाणे टाका. ट्रेचा लेप खरवडला गेला असेल तर वापरू नका.

त्याहून वेळखाऊ म्हणजे वास घेत शोधायची चटई, जिच्या कापडी पट्ट्यांत दाणे लपवतात. 50 ग्रॅमपासून सुरू करा, उरलेलं ट्रेमध्ये द्या. संपली की चटई उचलून ठेवा, नाहीतर पट्ट्या पोटात जातात. कापड चावणाऱ्या कुत्र्याला ती देऊच नये, टॉवेलात दाणे गुंडाळून देण्याचंही तेच. आठवड्यातून एकदा धुऊन पूर्ण वाळवा, ओलसर राहिली की बुरशी धरते.

एकच युक्ती रोज नको. ट्रे, चटई, घरंगळताना दाणे सांडणारा चेंडू असं आलटून पालटून ठेवा. पाच ते दहा मिनिटं पुष्कळ झाली, अर्धा तास लावायचा हट्ट नको. भुंकायला लागला, भांड्याचा काठ चावायला लागला किंवा सोडून निघून गेला तर कोडं अवघड झालंय, एक पायरी खाली या.

स्लो फीडर ठेवायचाच असेल तर रुंद बुडाचा जड घ्या आणि कोपऱ्यात ठेवा. पंजा मारायला दोनच बाजू उरतात. प्लास्टिकच्या कडा कुरतडलेल्या दिसल्या तर फेकून द्या. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना खोल फटीचं भांडं उपयोगाचं नाही, त्यांना उथळ हवं.

प्रतिसाद ५

दगड अजिबात नको. दात तुटतात, आणि लॅब दगड गिळतोसुद्धा. चेंडू तोंडात मावणार नाही एवढा मोठा असेल तरच. टेनिसचा चेंडू या आकाराच्या कुत्र्याच्या घशात अडकू शकतो. चेंडूऐवजी भांड्याच्या मधोमध दुसरी जड वाटी पालथी घातली तरी तेच काम होतं. कडेने अरुंद खाच उरते.

प्रतिसाद ६

भिजवण्याबद्दल वर कोणी बोललं नाही. नुसत्या भिजवण्याने वेग कमी होत नाही. मऊ झालेलं अनेक कुत्री उलट अधिक भराभर ओढतात. भिजवण्याचा उपयोग चाटायला लावण्यासाठी आहे. 60 ग्रॅम दाणे, 60 ते 70 मिलिलिटर कोमट पाणी, अर्धा तास. मग कुस्करून खाचा असलेल्या रबरी चटईवर दोन-तीन मिलिमीटरचा थर दाबून लावायचा. चाटताना घास घेता येत नाही, सगळी गंमत त्यात आहे.

हाच लगदा पोकळ रबरी खेळण्यात भरून फ्रीजरमध्ये चार-पाच तास ठेवला की आणखी वेळ जातो. पहिल्यांदा मात्र न गोठवता आणि सैल भरा. खेळणं कुत्र्याच्या वजनाप्रमाणे घ्या आणि त्याला दोन्ही टोकांना भोक हवं. एकच भोक असेल तर आत निर्वात पोकळी तयार होऊन जीभ ओढली जाते आणि अडकते.

लगद्यात चव म्हणून पीनट बटर घालणार असाल तर डबा वाचा. झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर ते कुत्र्याला विष आहे. द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट हेही नाही. भिजवलेलं उरलं तर खोलीत ठेवू नका, टाकून द्या.

धागाकर्ता

दोनऐवजी तीन जेवणं केली तर? आणि हाताने एकेक मूठ भरवणं कसं?

प्रतिसाद ३

तीन उत्तम: 130, 120, 130. एका वेळचा ढीग लहान झाला की परतणं बऱ्याचदा तेवढ्यानेच कमी होतं. जेवणानंतर निदान तासभर पळापळ नको.

हाताने भरवायला हरकत नाही, पण बोटं ओढत असेल तर सपाट तळव्यावर द्या. खात असताना भांड्यात हात घालणं, ‘सवय व्हावी’ म्हणून भांडं काढून घेणं, हे करू नका. माणूस जवळ आला की खाणं जातं एवढंच तो शिकतो, मग अधिक घाई करतो आणि पुढे गुरगुरतो. उलट करा: दोन मीटरवरून जाताना भांड्यातल्यापेक्षा चविष्ट काहीतरी त्याच्याकडे टाका आणि न थांबता पुढे जा. आधीच गुरगुरत असेल तर हा प्रयोग स्वतःच्या मनाने नको, वर्तनतज्ज्ञाकडे जा.

प्रतिसाद २

आणि एक नोंद ठेवा: तारीख, ग्रॅम, कशातून दिलं, किती मिनिटं, परतलं का. दोन आठवडे. वेळ पाच मिनिटांवर गेली आणि तरी दाणे परत येत असतील तर हा कागद आणि ते चित्रीकरण घेऊन डॉक्टरांकडे जा. एक्स-रे काढायचा का, हे त्यावरून त्यांना लगेच ठरवता येईल.