दत्तक-आयांचे आघात प्रश्नावलीत बसत नाहीत, काय करू?

ऋतुजा_एमए
मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी जन्मदात्या आणि दत्तक-आयांच्या आयुष्यातल्या आघातांची तुलना करतेय. एलईसी-५ (लाइफ इव्हेंट्स चेकलिस्ट, आघाताच्या घटनांची यादी) घेतलीय. १७ कलमं: पूर, आग, अपघात, मारहाण, लैंगिक अत्याचार वगैरे. पुढे ‘माझ्याबाबत घडलं’, ‘डोळ्यांदेखत घडलं’, ‘लागू नाही’ अशा खुणा. एका दत्तक-आईने सगळीकडे ‘लागू नाही’ केलं आणि फॉर्म परत देताना विचारलं, “पाचव्या महिन्यात गेलेलं बाळ कुठे लिहायचं?” शेवटच्या ‘इतर’मध्ये घालू? गाईड म्हणतात, मूळ चाचणीला हात लावायचा नाही.

रानजाई
गाईड बरोबर बोलतायत. पण वेगळं पान जोडायला कोण अडवतंय? आणि खुणांची बेरीज करून ‘हिचे आघात जास्त’ असं लिहू नकोस. एलईसी फक्त काय घडलं ते विचारते. आज त्रास किती, हे पीसीएल-५ वर (आघातानंतरच्या त्रासाची, म्हणजे पीटीएसडीच्या लक्षणांची प्रश्नावली) कळेल: २० प्रश्न, ० ते ८० गुण, गेल्या महिन्यापुरते. गुरमीत सिंग आणि सहकाऱ्यांची १९८४ची भारतीय यादीही बघ. तिच्या ५१ घटनांत ‘मूल नसणं’ आहे. मात्र ती ताण मोजते, आघात नाही.

दुर्वाची_आई
मी दत्तक-आई, लेक सातवीत आहे. होम स्टडीला, म्हणजे मूल दत्तक देण्याआधी घर बघायला, समाजसेविका यायच्या होत्या तेव्हा सासूबाईंना बजावून ठेवलेलं, मिसकॅरेजचा विषय काढायचा नाही. बाईंनी विचारलं, कधी खचला होतात का? म्हटलं, छे हो! रडकी बाई दिसले तर फाईल मागे पडेल, ही धास्ती. कागद-पेन घेऊन कुणी समोर बसलं की अजून तोच हसरा चेहरा आपोआप लागतो. त्यामुळे ‘लागू नाही’ म्हणजे घडलंच नाही असं धरू नकोस गं. फॉर्म बिननावाचा ठेव, सोबत पाकीट दे आणि तिथून ऊठ.
आणि ते वेगळं पान दोन्ही गटांना दे. माझ्या जावेला दोन मुलं, पण त्यांच्या मधलं एक पोटातच गेलं. घरात त्याचा कुणी हिशेबच धरत नाही.

पिंपळपार
‘जन्मदात्या’ म्हणजे कोण? आपलं मूल वाढवणाऱ्या, की सोपवून दिलेल्या? सोपवणाऱ्या आईला बाल न्याय कायद्याने फेरविचाराला ६० दिवस मिळतात, आणि तिची ओळख गोपनीय असते. तिच्यापर्यंत तू पोचणार नाहीस. शीर्षकात स्पष्ट लिही, नाहीतर तोंडी परीक्षेत धरतील.

ऋतुजा_एमए
आपलं मूल वाढवणाऱ्याच. शीर्षक बदलते. पण पाकीट देऊन उठले आणि मागे ती रडायला लागली तर?

रानजाई
उठायचं म्हणजे बाहेरच्या खोलीत, घर सोडून नाही. अर्ध्यात थांबायची मुभा आणि समुपदेशकाचा नंबर संमतिपत्रावरच छाप.

दुर्वाची_आई
आणि दुपारी जा. पोरं शाळेत, सासू झोपलेली.