घरी कोणता योगाभ्यास मानवतो? आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सी-३०२: नमस्कार. गेली दोन वर्षे मी व्हिडिओ पाहून घरी योगासने करण्याचा प्रयत्न करते आहे, परंतु कोणताही क्रम तीन आठवड्यांपलीकडे टिकलेला नाही. एखाद्याचा वेग झेपत नाही, तर एखादा इतका संथ असतो की मन भलतीकडेच जाते. सकाळी माझ्या हाताशी फार तर वीस मिनिटे असतात. ज्यांचा घरचा अभ्यास वर्षानुवर्षे चालू आहे त्यांनी आपल्याला मानवेल असा प्रकार कसा शोधला, हे कृपया लिहावे. नुसत्या लिंक पाठवू नयेत, ही विनंती.

ए-१०४: माझे वय ६८ आहे आणि मी गेली तीस वर्षे रोज १२ सूर्यनमस्कार घालतो. माझ्या मते प्रकार कोणता हा प्रश्न दुय्यम आहे. पतंजलींच्या योगसूत्रांच्या पहिल्या पादात, म्हणजे पहिल्या प्रकरणात, अभ्यास दृढ कसा होतो हे सांगितले आहे: दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने केल्याने. सतत प्रकार बदलत राहिल्यास शरीराला कशाचीच सवय होत नाही. एक क्रम धरावा आणि सोडू नये.

बी-६०१: काकांचे सातत्याबद्दलचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, पण जे मानवत नाही ते नेटाने चालू ठेवल्याने काय होते हे मी अनुभवले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. मी ५८व्या वर्षी सुरुवात केली तेव्हा माझा उजवा गुडघा दुखरा होता, तरीही मी सूर्यनमस्कारांचाच एक वेगवान क्रम निवडला होता. चौथ्या नमस्काराला श्वास तोंडावाटे सुरू व्हायचा, मागचा पाय दोन्ही तळव्यांच्या मध्ये येण्याऐवजी मी तो कसाबसा ओढून घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. दोष सूर्यनमस्कारांचा नव्हता. तो वेग आणि गुडघ्यावर येणारा तो भार त्या वेळच्या माझ्या शरीराला पेलणारा नव्हता, आणि हे कबूल करायला मला सात-आठ महिने लागले.

त्या काळात मी वाचू लागले. योगगुरू टी. कृष्णमाचार्य यांच्याकडे म्हैसूरला १९३०च्या दशकात जे शिकले, त्यांपैकी पट्टाभि जोइस यांनी श्वासाच्या तालावर एका आसनातून दुसऱ्यात जाणारा जोरकस क्रम पुढे नेला, तर बी. के. एस. अय्यंगार यांनी एकेका आसनात अधिक वेळ थांबणे, शरीराची नेमकी मांडणी आणि खुर्ची, पट्टा, लोड यांसारखे आधार यांवर भर दिला. कृष्णमाचार्य हे अय्यंगारांचे मेव्हणे, आणि अय्यंगार स्वतः लहानपणी सतत आजारी असत. पुढे कृष्णमाचार्यांचे चिरंजीव देशिकाचार यांनी तर अभ्यास माणसाप्रमाणे बदलला पाहिजे हेच आपल्या शिकवण्याचे सूत्र केले. एकाच घराण्यातून इतक्या भिन्न वाटा निघाल्या, हे वाचल्यावर कोणती पद्धत श्रेष्ठ हा प्रश्न मी सोडून दिला.

मग पारख कशी करायची? पतंजलींनीच दुसऱ्या पादात आसनाची व्याख्या ‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे स्थिर आणि सुखकर ते आसन, अशी केली आहे. या दोन शब्दांचा घरी उपयोग मी असा करते: आसनात गेल्यावर नाकाने पाच सावकाश श्वास घेता येतात का, हे पाहते. श्वास रोखला गेला, तोंड उघडले, दात आवळले गेले किंवा कपाळाला आठ्या पडल्या, तर तेथे सुख नाही, आणि मग मी एक पायरी मागे येते. घरी चूक दाखवायला समोर शिक्षक नसतो, त्यामुळे श्वासालाच शिक्षक मानावे लागते. दुसरी कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळची: स्नायू थोडे आंबलेले असतील तर चालेल, पण सांध्यात कळ असेल तर आदल्या दिवशीचे काहीतरी चुकलेले असते.

सी-३०२: ताई, एक पायरी मागे येणे म्हणजे नेमके काय करायचे? एक उदाहरण द्याल का?

बी-६०१: अधोमुख श्वानासन घेऊ, म्हणजे तळवे आणि पाय जमिनीवर टेकून कंबर वर उचलायचे आसन. जमिनीवर हात टेकून मला ते जमत नव्हते, पाठीला पोक यायचे. आता मी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवते, म्हणजे ती सरकत नाही. तिच्या पाठीवर दोन्ही तळवे ठेवून मागे चालत जाते आणि जांघेतून वाकते, धड जमिनीला समांतर येईपर्यंत. गुडघे किंचित वाकवले की मांडीच्या मागची ओढ सैल पडते आणि पाठ लांब होते. तेथे श्वास आपोआप फासळ्यांच्या मागच्या बाजूला भरू लागतो, आणि तो भरल्याचे समजते. वज्रासनातही तसेच: पोटऱ्या आणि मांड्या यांच्यामध्ये चादरीची जाड घडी ठेवते, म्हणजे गुडघा पूर्ण दुमडत नाही. तरीही दुखले तर त्या दिवशी खुर्चीवर बसते.

डी-२०५: मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून एक भर घालते. ज्यांचा रक्तदाब नियंत्रणात नाही किंवा ज्यांना काचबिंदू आहे, त्यांनी शीर्षासन, सर्वांगासन यांसारखी डोके खाली जाणारी आसने करू नयेत. काचबिंदू असल्यास अधोमुख श्वानासनातही डोळ्यांवरचा दाब वाढतो. हाडे ठिसूळ झाली असतील तर पाठ गोल करून जोराने पुढे वाकणे टाळावे, कारण त्याने मणक्याचे हाड दबून मोडू शकते. हृदयविकार, उच्च रक्तदाब, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर कपालभाती आणि भस्त्रिका व्हिडिओ पाहून सुरू करू नयेत. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी वाकलेल्या स्थितीतून सावकाश उठावे, नाहीतर चक्कर येते. यांपैकी काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि निदान सुरुवातीची काही सत्रे जाणत्या शिक्षकासमोर करावीत.

ए-१०४: खुर्चीची कल्पना चांगली आहे, माझ्या पत्नीलाही सांगतो. तरीही विचारतो, रोज अशी तडजोड केल्यावर प्रगती कशी व्हायची?

बी-६०१: काका, आधार घेणे मला तडजोड वाटत नाही, कारण त्या आधारानेच माझा अभ्यास तीन वर्षांत मोडलेला नाही. सुरुवातीला खुर्चीच्या पाठीवर असलेले हात वर्षभराने खुर्चीच्या बैठकीवर आले, म्हणजे वाकणे वाढले, आणि ते मी ठरवून वाढवले नव्हते. आसनांची संख्या वाढावी असेही मला वाटत नाही. हठयोगप्रदीपिका या जुन्या ग्रंथात १५च आसनांचे वर्णन आहे, आणि त्यांतली बरीचशी बसून करायची आहेत.

ताई, तुमच्या वीस मिनिटांसाठी मी चारच आसने सुचवीन: ताडासन, खुर्चीवरचे श्वानासन, कोणतेही एक सोपे पाठीला पीळ देणारे आसन आणि भुजंगासन, हनुवटी न उचलता. शेवटची पाच मिनिटे शवासनासाठी राखावीत. घाई असेल तर एखादे आसन गाळावे, शवासन गाळू नये. हा क्रम सहा आठवडे बदलू नका. वेग तुम्हीच ठरवायचा असल्यामुळे व्हिडिओ बंद ठेवावा. संथपणामुळे मन भटकते असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा प्रत्येक आसनातील श्वास मोजा, आणि तरीही कंटाळा आला तर तुमचा स्वभाव हालचालीचा आहे असे समजून त्याच चार आसनांमध्ये श्वासागणिक ये-जा करा.

सी-३०२: मनापासून आभार. मला काचबिंदू किंवा रक्तदाबाचा त्रास नाही, मात्र कंबर अधूनमधून धरते, म्हणून भुजंगासन कमी उंचीवरच ठेवीन आणि डी-२०५ मधील ताईंना एकदा दाखवीन. काकांनी सांगितल्याप्रमाणे खंड पडू नये म्हणून वेळ एकच ठेवते, सकाळी सहा. वहीत रोज एक ओळ लिहायचे ठरवले आहे: कोणत्या आसनात श्वास अडला आणि दुसऱ्या सकाळी कंबर कशी होती. बी-६०१ ताई, रविवारी दहा मिनिटांसाठी वर आले तर खुर्ची नेमकी किती अंतरावर ठेवायची ते दाखवाल का?

बी-६०१: अवश्य या. पायात मोजे नकोत, आणि खाल्ल्यावर तीन-चार तास झालेले असू द्या.