नवखा खेळाडू हरतो ते तिसऱ्याच मिनिटाला

काही जण म्हणतात की जुने खेळाडू उर्मट असतात, म्हणून नवीन पोरं एज ऑफ एम्पायर्स २ हा गाव वसवून सैन्य उभारायचा कॉम्प्युटर गेम सोडतात. उर्मटपणा असतोच, पण खरी अडचण अशी की आपण का हरलो हेच नवख्याला दिसत नाही. विसाव्या मिनिटाला घोडदळ आलं म्हणून हरलो असं त्याला वाटतं. हार मात्र तिसऱ्या मिनिटालाच ठरलेली असते.

हिशेब बघा की. अन्न-लाकूड गोळा करणारा एक गावकरी टाउन सेंटर या मुख्य इमारतीत ५० अन्नात, २५ सेकंदांत तयार होतो. ते दोन मिनिटं गावकरी न काढता रिकामं राहिलं तर जवळजवळ पाच गावकरी कमी. बहुतेकदा कारण एकच, २५ लाकडांचं घर वेळेवर बांधलेलं नसतं, आणि घराशिवाय नव्या माणसांना जागा मिळत नाही. सुरुवातीला जागा पाचच आणि माणसं चार, त्यामुळे पहिलं घर लगेच लागतं.

त्यात रँक्डमध्ये, म्हणजे ऑनलाइन क्रमवारीच्या सामन्यांत, खेळाडूच्या ताकदीचा आकडा (रेटिंग) १००० पासून सुरू होतो. म्हणजे पहिलाच सामना मुरलेल्याशी. बेळगाव-खानापूरकडच्या कुठल्याही तालमीत नव्या पोराला पहिल्याच दिवशी जुन्या पैलवानाशी भिडवत नाहीत, आधी जोर-बैठका. इथंही तसंच करावं: फक्त पहिली दहा मिनिटं खेळायची, लढाई नाही, गावकरी अखंड निघाले पाहिजेत. पहिले सहा गावकरी अन्नासाठी मेंढ्यांवर, पुढचे तीन-चार लाकडावर, मग रानडुकराची शिकार. हे जमलं की कॉम्प्युटरशी ‘हार्ड’ पातळीवर सामना, नंतरच रँक्ड.

शिकवणाऱ्यांनी मराठी-कन्नड कशातही सांगावं, पण सामना संपल्यावर रेकॉर्डिंग उघडून टाउन सेंटर कधी थांबलं तेवढंच दाखवावं. एका वेळी एकच चूक.